भासऱ्याचं नाव

माझ्या गळ्यात जी पट्टी घातली, तिच्यावर माझं नाव नव्हतं.

गोंदियाच्या एका कॉलेजात, मोठ्या हॉलच्या दाराशी टेबल लावलं होतं. टेबलावर निळ्या पट्ट्यांची कार्डं ओळीनं मांडलेली. प्रत्येक कार्डावर एक नाव, नावाखाली शहर. माझ्यापुढचा माणूस नाव सांगे, टेबलामागची मुलगी कार्ड शोधून देई, हसे. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं. हळू सांगितलं. मला मोठ्यानं बोलता येत नाही. माहेरीही येत नव्हतं.

"नाम लिस्ट में नहीं है. किसके साथ आई हो?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. तिचं बोट यादीवरून खाली घसरत गेलं आणि तळाशी थांबलं.

"हाँ, ये रहा. लाभार्थी, एक."

तिनं कार्ड दिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, लाभार्थी. बाकी काही नाही. मी चौथी शिकलेली आहे. एवढं वाचता येतं.

त्या दिवशी त्या हॉलमध्ये मी बोलायला आले होते. जे जे बोलणार होते त्यांच्या कार्डावर नावाखाली 'वक्ता' असं छापलेलं मी नंतर पाहिलं. मी तिसऱ्या ओळीत एका खुर्चीवर बसले तर एक माणूस वाकून म्हणाला, "काकू, इथं वक्ते बसतात. तुम्ही मागं बसा ना."

मी मागं जाऊन बसले. आता लिहिताना राग येतो, तेव्हा नुसती उठले आणि गेले. पदर सावरत. जशी काही चूक माझीच होती.

ते संमेलन मशीनमधल्या याद्या सांभाळणाऱ्यांचं होतं. ते लोक अशा यादीला डेटाबेस म्हणतात. नागपूरचे, रायपूरचे, पुण्याचे लोक आले होते. सुटीच्या दिवशी ते आपल्या खुशीनं एकत्र येतात, एकमेकांना शिकवतात, कोणी कोणाकडून काही घेत नाही. बाहेर मोठ्या फलकावर लिहिलं होतं, प्रवेश मोफत, सर्वांसाठी खुले. मी तो फलक दोनदा वाचला होता. आत येताना एकदा, आणि मागं जाऊन बसल्यावर काचेतून उलटा.

माझ्या बटव्यात फोन होता. बटणांचा. मी तो हातात धरून बसले होते. कारण सकाळी गावातून निघाले तेव्हा केशोरीवाली अंगणात उकिडवी बसली होती आणि उठत नव्हती.

आमच्या गावात सुनेला नावानं हाक मारत नाहीत. ती ज्या गावाहून आली त्या गावाच्या नावानं मारतात. केशोरीवाली, चिचगडवाली, देवरीवाली. मलाही माझ्या माहेराच्या नावानंच ओळखतात. एका गावाहून दोघी आल्या तर मोठी आणि लहान. कधी घोळ होत नाही.

माझ्या नवऱ्याच्या काकाच्या घरी दोन भाऊ. दोघंही माझ्या नवऱ्याहून मोठे, म्हणजे माझे भासरे. दोघांची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात लागली. थोरल्याची बायको केशोरीची, धाकट्याची सडक अर्जुनीची. तिला सडकवाली म्हणतात. दोघींचंही नाव सुनीता. आईबापांनी ठेवलेलं. पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं आमच्या गावात कोणी नाही, म्हणून कोणाला कधी अडलं नाही.

केशोरीवालीच्या रक्तात सिकलसेल आहे. लहानपणापासून. उन्हात राबली, थंडी बाधली, दमली की तिच्या हाडांत दुखणं उठतं. तेव्हा ती रडत नाही, दात आवळून भिंतीकडे तोंड करते. डोळे पिवळे होतात. सडकवाली धडधाकट आहे. डोक्यावर धानाचा भारा घेऊन शेतातून, बांधीच्या धुऱ्यावरून, गाणं म्हणत येते.

एका संस्थेनं गावागावात या आजाराची यादी करायला घेतली. गोंदियाहून एक सर्वेवाली मॅडम टॅबलेट घेऊन यायची. तिला घरं दाखवायला, बायांशी बोलायला कोणीतरी गावातली बाई पाहिजे होती. मला घेतलं. का घेतलं तर मी कमी बोलते, भांडत नाही. अकरा गावं मी तिच्यासोबत फिरले. ती विचारी, मी समजावून सांगे, ती टॅबलेटवर बोट लावी.

मी माझ्यासाठी एक वही केली होती. त्यात मी माहेर लिहायची. केशोरीवाली, लाल. सडकवाली, पांढरी. लाल म्हणजे जिला आजार आहे तिला संस्थेचं लाल कार्ड. पांढरं म्हणजे काही नाही. लाल कार्डवालीकडे दर महिन्याला गोळ्या यायच्या, आणि दवाखान्यात कार्ड दाखवलं की डॉक्टर समजून जायचे.

मी मॅडमला एकदा म्हटलंही होतं, "मॅडम, माहेर लिहा ना. बाई माहेरानं सापडते."

ती हसली. "यहाँ उसका कॉलमच नाही आहे, दीदी." मग माझी वही पाहून आणखी हसली. "सडकवाली! ये क्या नाम हुआ? सडकवाली!"

मी वही मिटली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला चार दिवस लागले.

त्या घरी यादी करायला गेलो तेव्हा मीच सोबत होते. मॅडमनं केशोरीवालीला विचारलं, "पती का नाम?" केशोरीवालीनं खाली पाहिलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मॅडमनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "राशनकार्डात हाये. कार्ड पेटीत हाये. किल्ली बुढ्याजवळ, बुढा बांधीत." मॅडमला पुढची घरं करायची होती. ती माझ्याकडे वळली.

"दीदी, तुम्ही सांगा. तुम्हाला तर माहीत आहे."

मला माहीत होतं. पण तो माझा भासरा. भासऱ्याच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून आम्ही वळसा घालून जातो. त्याचं नाव तोंडातून कसं काढू? मी पदर पुढं ओढला. सासू माझ्याकडे पाहत होती.

त्यांचं घर घरकुल योजनेतलं. समोरच्या भिंतीवर रंगानं लिहिलेलं आहे, लाभार्थीचे नाव, आणि पुढं सासऱ्याचं नाव, सेवकराम. मी तोंड उघडलं नाही. बोट वर केलं आणि ते नाव दाखवलं.

मॅडमनं वाचलं, टॅबलेटवर लिहिलं. थोड्या वेळानं सडकवाली आली. तिच्याही वेळी मी बोट वर केलं.

जन्मतारीख दोघींनाही ठाऊक नव्हती. वय सारखंच सांगितलं. मॅडमनं दोघींची एक जानेवारी धरली. फोन घरात एकच, सासऱ्याचा. तो लिहिला.

झालं. कोणाला काही वाटलं नाही. उलट पुढच्या घरांत मॅडम स्वतःच म्हणायची, "दीवार पे देखो, दीवार पे." आणि मी बोट दाखवायची. अकरा गावं.

चार-पाच महिन्यांनी नवी कार्डं आली. चकचकीत, वर काळे-पांढरे ठिपके. जुनी कार्डं जमा करून घेतली. केशोरीवालीच्या घरी एकच कार्ड आलं. सुनीता. पांढरं.

तेव्हा तिला पाचवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आधीची दोन पोटं वाया गेली होती.

मी कार्ड हातात घेतलं आणि वाचलं. मग गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर मागं बसून देवरीला गेले, संस्थेच्या कोऑर्डिनेटर सरांकडे. ते चांगले बोलत. खुर्ची देत.

"सर, या दोन बाया आहेत. मशीननं एक केली."

त्यांनी लॅपटॉप पाहिला. "डुप्लिकेट होती ताई. एकच बाई दोनदा भरली गेली होती. नाव एक, पतीचं नाव एक, जन्मतारीख एक, फोन एक. नंतरची नोंद ठेवली, आधीची काढली."

"पण सर, मी दोघींनाही रोज पाहते."

"तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

ते हसले नाहीत. ते नुसते मान हलवून म्हणाले, "मग कसं समजावू तुम्हाला? हे भावनेनं चालत नाही. सिस्टीमनं तपासलं आहे."

मी घरी आले. त्या महिन्यात गोळ्या आल्या नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. मी पुन्हा गेले. "वर कळवलं आहे," सर म्हणाले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्हीच चला ना गोंदियाला. आपली यादी बनवणारे मोठे सर येत आहेत, त्यांचं भाषण आहे. तुम्हाला स्टेजवर दोन शब्द बोलायचे आहेत."

मला वाटलं, तिथं सांगू. मोठ्या सरांना सांगू.

केशोरीवालीला आठवा सरून नववा लागला होता. पाय सुजले होते. सासू म्हणाली, "कार्ड तं पांढरं आलं ना वो. गेला असन रोग. सरकारी मशीन खोटं कायले बोलीन?" मी सांगितलं, ही सरकारी नाही, संस्थेची आहे. तिला फरक वाटला नाही. केशोरीवालीनं ते पांढरं कार्ड देवाजवळ ठेवलं होतं. मला वाटतं तिलाही खरं वाटायला लागलं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

हॉलमध्ये अंधार केला. मोठे सर स्टेजवर आले. गोरे, टी-शर्ट घातलेले, चपळ. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, मधून मराठी. मला सगळं समजलं नाही. पण लोक हसत होते, म्हणजे ते चांगलं बोलत असावेत. यादीतली साफसफाई कशी करायची हे ते सांगत होते. कचरा म्हणाले. घाण डेटा म्हणाले.

मग पडद्यावर दोन ओळी आल्या.

आडनावावर काळी पट्टी मारली होती. बाकी सगळं दिसत होतं. सुनीता सेवकराम. सुनीता सेवकराम. खाली आमच्या गावाचं नाव.

माझ्या हातातला फोन घामानं ओला झाला.

"आता पाहा," सर म्हणाले. "सेम, सेम, सेम, सेम. और फील्ड से कम्प्लेंट आती है, एकदा नाही, तीनदा. सर, ये दो औरतें हैं!" त्यांनी आवाज बारीक करून ते म्हटलं. बाईसारखा. माझ्यासारखा. "सर, मैं तो दोनों को रोज देखती हूँ!"

सगळा हॉल हसला. माझ्या शेजारचाही हसला. माझ्याकडे पाहून हसला, जसं सोबत हसणाऱ्याकडे पाहतात. कोऑर्डिनेटर सर पुढच्या ओळीत बसले होते. ते हसले नाहीत. ते आपल्या बुटांकडे पाहत होते.

तेवढ्यात फोन थरथरला. मी वाकून कानाला लावला. सडकवाली होती.

"अवं बाई, केशोरीवालीची छाती भरून आली. हाडं दुखून राहिले म्हणते. देवरीले घेऊन जाऊन राहिलो आम्ही. तिथं काय सांगू?"

"लाल सांग," मी कुजबुजले. "आजार आहे म्हणून सांग."

"सांगतो. पण कार्ड तं पांढरं हाये ना वो. माह्यावर कोण इस्वास ठेवीन?"

पडद्यावर दोन ओळींतली वरची ओळ हळूहळू फिकट झाली आणि गेली. सरांनी तसं केलं होतं, दिसायला छान वाटावं म्हणून. एकच सुनीता उरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या माझ्या कानात अजून आहेत.

"आणि आता," सर म्हणाले, "आमची यादी किती सोपी आहे हे सांगायला आपल्यामध्ये एक ताई आल्या आहेत. ताई चौथी पास आहेत. अगर ये चला सकती हैं, तो आप सब चला सकते हैं!"

पुन्हा हसू. पुन्हा टाळ्या.

मला पुढं नेलं. एका माणसाच्या हातात चिमट्याचा माईक होता. तो कॉलरला लावतात. मला कॉलर नव्हती. तो पदराकडे पाहत अवघडला, मग माईकची बॅटरीची डबी माझ्या एका हातात दिली आणि माईक दुसऱ्या हातात. दोन्ही हात भरले. आदल्या दिवशी कोऑर्डिनेटर सरांनी छापून दिलेला कागद बटव्यात राहिला. त्यावर दोन ओळी होत्या. "ही यादी खूप सोपी आहे. मी चौथी शिकले, तरी मला समजते." त्या मला पाठ होत्या. फोनवर सरांनी तीनदा म्हणून घेतल्या होत्या.

समोर उजेड होता. माणसं दिसत नव्हती, नुसते लॅपटॉप दिसत होते.

मी म्हटलं, "मी चौथी शिकले."

पुढचं आलं नाही. हातातली डबी माझ्या पोटावर लागत होती. मला केशोरीवाली दिसत होती, देवरीच्या रस्त्यावर, कोणाच्या तरी गाडीत आडवी, मुठीत पांढरं कार्ड.

"मी लाभार्थी नाही," मी म्हटलं. "मी घरं दाखवणारी बाई आहे. तुम्ही आता ज्या बाईचा आवाज काढला, ती मी आहे."

कोणी हसलं नाही.

"त्या दोन बाया आहेत. एक केशोरीची, एक सडकची. एकीच्या अंगात रोग आहे, दुसरीच्या नाही. तुम्ही रोगवालीला पुसून टाकलं. ती नऊ महिन्यांची पोटुशी आहे. तिला आत्ता देवरीच्या दवाखान्यात नेऊन राहिले. तिच्या हातात तुमचं पांढरं कार्ड आहे."

मोठे सर पुढं आले. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त डोळे हसत नव्हते. "ताई, ताई. थँक्यू. पण दोघींच्या पतीचं नावसुद्धा एकच आहे ना? ते कसं होईल?"

"ते नवऱ्याचं नाव नाही. सासऱ्याचं आहे. मीच दाखवलं होतं. भिंतीवरचं."

मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. पांढरे केस, उभा राहिला होता. "मग नवऱ्याचं नाव काय आहे, बाई? ते सांगा."

मी माईक तोंडाशी धरला. पण जीभ वळेना.

मला माहीत आहे, हे वाचून शहाणी माणसं म्हणतील, एवढं काय त्यात. एक नाव. पण बारा वर्षं मी त्या नावाला वळसा घातला होता. त्या नावाचा दुसरा माणूस बाजारात भेटला तरी मी त्याला 'ते' म्हणायची. आणि मला त्या उजेडात एकदम समजलं की मला मागं बसवणारे हे सगळे नवे आहेत. मागं बसायला मी त्यांच्या आधी शिकले होते. म्हणूनच तर मला घेतलं होतं. मी बोट वर करते आणि तोंड उघडत नाही म्हणून.

दोन्ही हात भरलेले होते, तरी मी सवयीनं मनगटानं पदर डोक्यावर ओढला.

आणि म्हटलं, "भोजराज."

माझाच आवाज चार कोपऱ्यांतून परत आला.

"केशोरीवालीचा नवरा भोजराज. सडकवालीचा नवरा ओमराज. लिहून घ्या."

मोठे सर कोणाकडे तरी पाहून म्हणाले, "ये एक एज केस है, हज़ारों में एक. व्हेरी गुड फीडबॅक. ऑफलाइन, बाद में बात करते हैं." समोर बसलेल्या मुलीनं वेळ संपल्याची पाटी वर धरली. टाळ्या सुरू झाल्या. मी ती दोन पाठ केलेली वाक्यं म्हटली असती तर जेवढ्या वाजल्या असत्या, तेवढ्याच.

मी खाली उतरले नाही. "टाळ्या नको," मी म्हटलं. "तिचं लाल कार्ड द्या."

म्हातारा माणूस मागून म्हणाला, "सर, जुनी नोंद कुठं तरी असेलच की. आत्ता उघडा, पाच मिनिटांचं काम आहे."

"इस लॅपटॉप पे नहीं है," मोठे सर म्हणाले. "मंडे को देखते हैं."

सोमवार. त्या दिवशी शनिवार होता. मी माईक टेबलावर ठेवला, डबी ठेवली, आणि बाहेर आले. दारात जेवणाचा वास येत होता. जेवणही फुकट होतं.

देवरीची बस मिळाली. दोन तास मी खिडकीपाशी बसून होते. फोनची बॅटरी संपली होती. सडक अर्जुनीचा फाटा दिसला, पुढं जंगल लागलं. गळ्यात ती निळी पट्टी अजून लटकत होती हे मला एका बाईनं सांगितलं. "काय मिळालं वो तुले? काही योजना आली काय?" मी पट्टी काढून बटव्यात टाकली.

दवाखान्यात केशोरीवाली खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दात आवळलेले. सडकवाली पायाशी बसून तिचे पाय दाबत होती. सासू दारात.

नर्स म्हणाली, "कार्डवर काही नाही. बाळंतपणाचंच दुखतं आहे. ही बाई उगाच सिकलसेल, सिकलसेल करून राहिली."

"कार्ड खोटं आहे," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"मी हिची जाऊ. आणि ज्यांनी ते कार्ड बनवलं त्यांना मी घरं दाखवली. रक्त घ्या तिचं. आत्ता घ्या. तुम्ही घेत नाही तोपर्यंत मी या खाटेजवळून हलत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग केशोरीवालीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आणि मग ती धावली. त्यांनी तपासलं, गोंदियाला पाठवायचं ठरलं. गाडीत केशोरीवाली, सडकवाली आणि मी. सकाळचा तोच रस्ता. ती माझा हात धरून होती. पंजा मोडेल एवढ्या जोरानं. एकदाच बोलली.

"काऊन एवढी उशिरा आली वो?"

तिला वाटलं मी बसमुळे उशिरा आले. उशीर मी घरकुलाच्या भिंतीपाशी केला होता.

मूल जगलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. केशोरीवालीही जगली, पण एक महिना खाटेवर होती, आणि तिच्या उजव्या खुब्यात जे दुखणं बसलं ते गेलं नाही. ती आता काठी घेऊन चालते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू असत्या, आधी समजलं असतं, तर कदाचित.

सोमवारी काही झालं नाही. तीन आठवड्यांनी कोऑर्डिनेटर सरांचा फोन आला. "ताई, तुमची तक्रार सुटली. दोन नोंदी केल्या." मग म्हणाले, "पण तुम्ही स्टेजवर असं बोलायला नको होतं. पाहुण्यांसमोर. पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरी बाई घेतो आहोत."

"घ्या," मी म्हटलं. "पण सर, मशीननं आणखी किती बाया एक केल्या? मी अकरा गावांत बोट दाखवलं आहे. ती यादी मला द्या. काढून टाकलेल्यांची."

"ती देता येत नाही, ताई. लोकांची खाजगी माहिती असते त्यात."

खाजगी. माझ्या गावाचं नाव, सासऱ्याचं नाव, दोन सुना, सगळा हॉल हसत पाहत होता, तेव्हा ती खाजगी नव्हती. मी फोन ठेवला. पहिल्यांदा मी सरांच्या आधी फोन ठेवला.

गावात काय झालं तेही लिहिते. केशोरीवालीचा जीव वाचला याची चर्चा दोन दिवस चालली. मी भर सभेत भासऱ्याचं नाव घेतलं याची अजून चालते. कोऑर्डिनेटर सरांच्या फोनवर त्याचा व्हिडिओ होता, तो फिरत फिरत गावात आला. केशोरीवालीच्या सासूनं मला पाणवठ्यावर अडवलं.

"थोरल्याचं नाव घेतलंस म्हणे. माईकवर. लाज नाही आली तुले?"

"आली," मी म्हटलं. "पण कार्ड आलं तेव्हा जास्त आली होती."

भोजराज भासरे त्या दिवसापासून मी दिसले की वाट बदलतात. आधी वळसा मी घालायची, आता ते घालतात. एकदा घरी मी ह्यांचं नावही घेऊन पाहिलं, चुलीपाशी, सहज. हे जेवत होते. घास हातातच राहिला. "काय झालं तुले? बरी आहेस ना?" म्हणाले. मी बरी होते.

ती निळी पट्टी आणि कार्ड माझ्याजवळ आहे. 'लाभार्थी' खाली घालून कार्ड उलटं केलं की मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर मी पहिली दोन नावं लिहिली. सुनीता भोजराज, माहेर केशोरी, लाल. सुनीता ओमराज, माहेर सडक, पांढरी. मग वही काढली.

अकरा गावं आहेत. ज्या ज्या घरी मी भिंतीकडे बोट दाखवलं, त्या प्रत्येक घरी कोणीतरी बाई पांढरं कार्ड देवाजवळ ठेवून बसली असेल. कदाचित नसेल. मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. म्हणून मी पायी निघाले आहे. आतापर्यंत तीन गावं झाली. दुसऱ्याच गावात एक सापडली. तिचे डोळे पिवळे होते आणि घरातली म्हणत होती, मशीननं पाहिलं ना, काही नाही तिला.

कोणी विचारतात, तुले कोणी पाठवलं? मी सांगते, कोणी नाही.

मी आता बोट वर करत नाही. ओसरीवर बसते, वही उघडते आणि बाईला विचारते, नवऱ्याचं नाव काय? ती खाली पाहते. सासू खाकरते. मी सासूकडे पाहत नाही.

"घे नाव," मी म्हणते. "मी भासऱ्याचं घेतलं, मले काही झालं नाही. तू नाही घेतलं तं तुले होईल."

ती पदर पुढं ओढते. मी वही मांडीवर उघडी ठेवते. मला घाई नाही. ती नाव घेत नाही तोवर मी त्या ओसरीवरून उठत नाही.